पाव, पगार आणि कंपनी: इंग्रजी शब्दांची भावकी कशी शोधायची

वडापावातला पाव आणि शेअर बाजारातली कंपनी हे दोन शब्द एकाच घरातले आहेत. लॅटिनमध्ये भाकरीला 'पानिस' म्हणत. पोर्तुगीजांच्या तोंडी झिजत झिजत त्याचा 'पाँव' झाला आणि किनाऱ्यावरून तो आपल्याकडे पाव होऊन आला. ज्याच्याबरोबर भाकरी मोडायची तो 'कॉम्पानियो', म्हणजे सोबती. त्यावरून फ्रेंचमध्ये सोबत्यांच्या मेळाव्याला शब्द झाला आणि तोच इंग्रजीत 'कंपनी' म्हणून गेला. त्या कंपनीत आपण घेतो तो पगारही याच मुलखातला. पोर्तुगीजमध्ये 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणं, आणि त्याचं लॅटिन मूळ 'पाकारे' म्हणजे शांत करणं. सावकार शांत झाला की देणं फिटलं. याच 'पाकारे'पासून फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीला 'पे' मिळाला, आणि त्यामागच्या 'पाक्स'पासून 'पीस', म्हणजे शांतता.

मी मराठी माध्यमात शिकले आणि पुढे बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. स्पर्धा परीक्षेची मुलं समानार्थी शब्दांच्या याद्या घोकताना बघितली की मला वाईट वाटायचं. 'फ्रेल' म्हणजे नाजूक, 'फ्रॅजाइल' म्हणजे नाजूक, 'शुअर' म्हणजे खात्री, 'सिक्युअर' म्हणजे सुरक्षित, असं रात्रभर पाठ करायचं आणि आठवड्यात विसरायचं. हे शब्द एकमेकांची भावंडं आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मराठी माणसाला तर हे फार सहज समजण्यासारखं आहे, कारण अशी भावंडं आपण रोज बोलतो. नवख्या माणसाने सुरुवात कुठून करायची, हे खाली पायरी-पायरीने सांगते.

पायरी १: शाळेतलं तत्सम-तद्भव आठवा

हस्त आणि हात. कर्ण आणि कान. अग्नी आणि आग. ग्राम आणि गाव. प्रत्येक जोडीतला एक शब्द संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला, दुसरा प्राकृतातून पिढ्यान्‌पिढ्या तोंडात घोळत आलेला. पहिला तत्सम, दुसरा तद्भव. व्याकरणाच्या पुस्तकात हा धडा दोन पानांत संपतो, पण त्यातली खरी गंमत पुढेच आहे: अशा जोडीतले दोघे फार काळ एकाच अर्थावर राहत नाहीत. क्षीर म्हणजे दूध, पण खीर म्हणजे त्यात शिजवलेला गोड पदार्थ. शेत आणि क्षेत्र मुळात एकच. आज शेतात नांगर चालतो आणि क्षेत्राला यात्रा जाते. बाई गर्भिणी असते, म्हैस गाभण असते. या शेवटच्या जोडीची अदलाबदल करून बघा. अर्थ तोच राहील, पण ऐकणारा दुखावेल.

इंग्रजीत अगदी असंच झालं आहे. तिथे संस्कृतच्या जागी लॅटिन धरा आणि प्राकृताच्या जागी जुनी फ्रेंच. फ्रेंच ही लॅटिनचीच लेक. लॅटिनचा एक शब्द फ्रेंच लोकांच्या तोंडी हजार वर्षं झिजला आणि मग इंग्रजीत आला. तोच शब्द पुढे विद्वानांनी लॅटिन ग्रंथांतून पुन्हा थेट उचलला. त्यामुळे इंग्रजीच्या घरात तो दोन दारांनी शिरला. 'फ्रेल' फ्रेंच दाराने, 'फ्रॅजाइल' लॅटिन दाराने. मूळ दोघांचं 'फ्रागिलिस', म्हणजे मोडण्याजोगा. म्हणून थकलेल्या आजीला फ्रेल म्हणतात आणि काचेच्या सामानाच्या खोक्यावर फ्रॅजाइल लिहितात.

एक फरक मात्र ध्यानात असू द्या. मराठी ही प्राकृताची स्वतःची मुलगी आहे. इंग्रजी ही फ्रेंचची मुलगी नाही; ती जर्मन-डच कुळातली. तिच्याकडे तिचे घरचे शब्द आधीपासून होतेच, त्यावर हे दोन थर चढले. म्हणून कितीदा जोडी नव्हे, तिकडी मिळते: राजासारखा या अर्थी घरचा 'किंगली', फ्रेंच 'रॉयल' आणि लॅटिन 'रीगल'. विचारणं या अर्थी 'आस्क', 'क्वेश्चन' आणि 'इंटरोगेट'. आईने मुलाला विचारायचं ते आस्क, आणि पोलीस ठाण्यात चालतं ते इंटरोगेशन. घरापासून ग्रंथाकडे जाताना शब्द लांबतो आणि गारही होतो.

पायरी २: मोजक्या तारखा

इतिहास सगळा नको. १४ ऑक्टोबर १०६६ ही एक तारीख पक्की करा. त्या दिवशी हेस्टिंग्जच्या लढाईत फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या नॉर्मंडीचा सरदार विल्यम याने इंग्लंडच्या हॅरल्ड राजाला हरवलं. मग दरबार, गढ्या, चर्चमधली मोठी पदं आणि न्यायनिवाडा नॉर्मन लोकांच्या हाती गेला आणि या सगळ्या ठिकाणी फ्रेंच बोलली जाऊ लागली. शेतकरी इंग्रजीच बोलत राहिले. आपल्याकडे सुलतानांच्या काळात अर्ज, फिर्याद, वकील, जामीन, दावा हे फारसी-अरबी शब्द कचेरीतून मराठीत उतरले, त्याचीच ही दुसरी बाजू. 'जज', 'ज्यूरी', 'कोर्ट', 'बेल' (म्हणजे जामीन) हे सगळे त्या फ्रेंच कचेरीतले.

१२०४ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या हातून नॉर्मंडी गेली. पुढे इंग्लंडवर छाप पडू लागली ती पॅरिसच्या फ्रेंचची. म्हणजे फ्रेंच दारातही दोन झडपा आहेत, नॉर्मन आणि पॅरिसची. हे पुढच्या पायरीत लागेल. १३६२ मध्ये कायदा करून कोर्टातले युक्तिवाद इंग्रजीत चालावेत असं ठरलं. लिखापढीतून लॅटिन आणि फ्रेंच हटायला मात्र १७३३ उजाडावं लागलं. साधारण १५०० नंतर युरोपात जुन्या लॅटिन ग्रंथांच्या अभ्यासाला भरती आली आणि पंडितांनी लॅटिन शब्द पोत्यांनी इंग्रजीत ओतले. तेव्हा ढोबळ हिशेब असा: शब्द तेराव्या-चौदाव्या शतकात दिसू लागला असेल तर बहुतेक फ्रेंचमार्गे, पंधराव्या ते सतराव्या शतकात आला असेल तर थेट लॅटिनमधून असण्याची शक्यता मोठी.

कोर्टातल्या या दुभाषी जगण्याची खूण इंग्रजी कागदपत्रांत अजून दिसते. मृत्युपत्राला 'विल अँड टेस्टामेंट' म्हणतात: विल घरचा, टेस्टामेंट लॅटिन. जंगम मालमत्तेला 'गुड्स अँड चॅटल्स': गुड्स घरचा, चॅटल्स फ्रेंच. हे वाचून परका माणूस गोंधळतो. मराठी माणसाने गोंधळू नये, कारण आपण कागदपत्र म्हणतो तेव्हा कागद फारसीतून आलेला असतो आणि पत्र संस्कृत. धनदौलत, बाजारहाट हे शब्दही असेच दोन भाषांना शेजारी बसवून झालेले.

पायरी ३: कान लावा

हीच पायरी सगळ्यात मोलाची. एकदा कान तयार झाला की अर्धी भावंडं तुम्ही कोश न उघडता ओळखाल.

पहिली खूण म्हणजे मधलं व्यंजन गळणं. अमळनेर, पारनेर ही गावं घ्या. त्यांतला 'नेर' म्हणजे झिजलेलं 'नगर'. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ग प्राकृतात विरघळला. राजकुलाचं राऊळ झालं, देवकुलाचं देऊळ झालं, तेव्हाही मधली व्यंजनं अशीच गेली. फ्रान्समध्ये लॅटिनचं नेमकं हेच झालं. 'रेगालिस'मधला ग गेला आणि 'रॉयल' उरलं. पंडितांनी ग सांभाळून आणलेलं रूप 'रीगल'. 'लेगालिस'मधला ग गेला तेव्हा 'लॉयल', टिकला तेव्हा 'लीगल'. 'सेकूरुस'मधला क गळून 'शुअर', राहून 'सिक्युअर'. नगर-नेर ही जोडी डोक्यात असलेल्याला रॉयल-रीगल वेगळं शिकवावं लागत नाही. जोडीतला आखूड, मऊ, मधूनच पोकळ झालेला शब्द फ्रेंच. भरीव व्यंजनांचा लॅटिन.

याच नियमाने एक जोडी बँकेत रोज दिसते. लॅटिन 'कॉम्पुतारे' म्हणजे हिशेब करणं. फ्रेंच तोंडात ते दबून 'काउंट' झालं आणि हिशेबाच्या टेबलाला 'काउंटर' म्हणू लागले. थेट लॅटिनमधून आला तो 'कम्प्युट'. काउंटरवर ठेवलेला कम्प्युटर हा त्याच्या थोरल्या भावाच्या खांद्यावर बसलेला आहे.

दुसरी खूण क, च आणि श यांची. लॅटिनमध्ये 'का' असलेल्या शब्दाचा उच्चार नॉर्मन लोकांनी क असाच ठेवला. पॅरिसकडे त्याचा च झाला. म्हणून पकडणं या अर्थाचा 'कॅच' नॉर्मन आणि पाठलाग या अर्थाचा 'चेस' पॅरिसचा, दोघेही एकाच लॅटिन क्रियापदाचे. पुढे काही शतकांनी फ्रेंचमध्ये त्या च चाही श झाला. म्हणजे इंग्रजीतल्या फ्रेंच शब्दात च ऐकू आला तर तो जुना पाहुणा, श ऐकू आला तर नंतर आलेला. 'चीफ' जुना, 'शेफ' नवा. मूळ दोघांचं 'कापुट', म्हणजे डोकं. 'चॅम्पियन' जुना, 'शॅम्पेन' नवी, आणि दोन्हींच्या मागे लॅटिन 'काम्पुस', म्हणजे मोकळं मैदान. मैदानात उतरून लढतो तो चॅम्पियन, आणि सपाट माळांचा तो फ्रेंच प्रांत शॅम्पेन. पुण्यातला कॅम्प आणि विद्यापीठाचा कॅम्पस हे त्याच मैदानाचे आणखी दोन वारस. कॅम्प इटालियन-फ्रेंच वाटेने आला, कॅम्पस थेट लॅटिनमधून.

तिसरी खूण व आणि ग यांची, आणि ती शिकायला आपल्याकडचं इलेक्ट्रिकचं दुकान पुरतं. 'गॅरंटी नाही, पण एक वर्षाची वॉरंटी आहे' हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. व्यवहारात दोन्हींचा अर्थ वेगळा असेल, पण शब्द एकच आहे. तो मुळात लॅटिनही नव्हे. जर्मन कुळातल्या फ्रँक लोकांच्या भाषेतला आहे. त्यांचा व नॉर्मन लोकांनी जपला, पॅरिसने त्याचा ग केला. 'वॉर्ड' आणि 'गार्ड', 'रिवॉर्ड' आणि 'रिगार्ड' या जोड्या याच ठशाच्या. विल्यम हे नावसुद्धा फ्रेंचमध्ये गियोम होतं.

चौथी खूण खेड्यातल्या बोलीत सापडते. आपल्याकडे कितीतरी जण इस्टेशन, इस्कूल म्हणतात. आरंभी स आणि त्याला चिकटलेलं व्यंजन आलं की जीभ आधाराला इ घेते. या बोलण्याला कुणी हसू नये. उत्तरकाळातल्या लॅटिनमध्ये सामान्य लोक असंच बोलू लागले होते आणि ते सवयीने फ्रेंच, स्पॅनिशमध्ये कायम झालं. लॅटिन 'स्टाटुस'चं जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्टाट' झालं, ते इंग्रजीत 'इस्टेट'. आरंभीचा स्वर नसलेलं भावंड म्हणजे 'स्टेट', आणि अगदी जसंच्या तसं उचललेलं ते 'स्टेटस'. स्पेशल आणि 'एस्पेशली' यांच्यातला फरकही तोच.

आता या खुणेला जोडून एक फ्रेंच लेखनातली गोष्ट. पुढे फ्रेंचमध्ये व्यंजनाआधीचा स बोलण्यातून गेला, आणि तो गेल्याची आठवण म्हणून स्वरावर छोटी टोपी घालायची रीत पडली. फ्रेंच 'ओतेल'च्या ओवर ती टोपी आहे. तिथे पूर्वी स होता. आता 'हॉस्टेल' आणि 'हॉटेल' शेजारी ठेवा. हॉस्टेल स असताना आलं, हॉटेल स गेल्यावर, सतराव्या शतकात. 'हॉस्पिटल' लॅटिनच्या जवळ राहिलं. तिघांचं मूळ 'होस्पेस', ज्याचा अर्थ पाहुणाही होतो आणि यजमानही. विद्यार्थी, प्रवासी आणि रुग्ण, तिघेही आसऱ्याला आलेले पाहुणेच. अशीच टोपी सणाच्या 'फेत' या फ्रेंच शब्दावर आहे. स असताना इंग्रजीने घेतलेला त्याचा भाऊ 'फीस्ट', लॅटिनच्या जवळचा 'फेस्टिव्हल', आणि पोर्तुगीज वाटेने गोव्यातल्या चर्चचं फेस्त.

पायरी ४: अर्थ कुठे फुटला ते बघा

नातं ओळखलं की लगेच पुढे पळू नका. दोघांचे अर्थ कुठल्या फाट्यावर वेगळे झाले हे शोधलं तर शब्द पुन्हा विसरत नाही. काही जोड्या मी शिकवताना नेहमी घ्यायचे.

'ट्रेझन' म्हणजे फितुरी आणि 'ट्रॅडिशन' म्हणजे परंपरा. दोघांचं मूळ एक: 'त्रादितिओ', हाती सोपवणं. किल्ला शत्रूच्या हाती सोपवला तर ट्रेझन. आजोबांनी नातवाच्या हाती काही सोपवलं तर ट्रॅडिशन. 'एक्स्ट्रडिशन', म्हणजे आरोपीचं प्रत्यार्पण, यातही तेच सोपवणं आहे. हे ऐकल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती मला फार आवडते.

'पॉयझन' आणि 'पोशन' यांचं मूळ 'पोतिओ', म्हणजे पेय. औषधी काढा तो पोशन, आणि ज्या पेयाने माणूस मरतो ते पॉयझन. संस्कृतातला पिणे या अर्थाचा 'पा' धातू लॅटिनच्या त्या मुळाचा चुलत भाऊ आहे, म्हणून पान, पेय आणि पोशन एका ओळीत लिहून ठेवायला हरकत नाही.

'सिक्युअर' फोडला तर 'से' म्हणजे विना आणि 'कूरा' म्हणजे चिंता. निश्चिंत! आपला शब्दही अगदी याच बेताने बांधलेला आहे. म्हणून सिक्युअरमध्ये कुलूपबंद सुरक्षितता आली आणि शुअरमध्ये मनाची खात्री. चिंता गेली की दोन्ही मिळतात.

'प्राइस', 'प्राइझ' आणि 'प्रेझ' या तिघांचं मूळ 'प्रेतिउम', म्हणजे मोल. बाजारात सांगतात ते प्राइस, जिंकून मिळतं ते प्राइझ, तोंडाने देतात ते प्रेझ. मराठीत 'त्याने माझ्या कष्टांची किंमत केली' असं आपण म्हणतो तेव्हा पैशाचं मोल असंच मनातल्या मोलाकडे सरकतं.

आणि गुराढोरांची गोष्ट, जी मला सगळ्यात जवळची आहे. 'कापुट' म्हणजे डोकं. त्यावरून 'कापिताले', म्हणजे मुख्य, डोक्याशी असलेली मालमत्ता. नॉर्मन लोक त्याला 'कॅटल' म्हणू लागले, पॅरिसकडे 'चॅटल'. आरंभी कॅटल म्हणजे कुठलीही जंगम मालमत्ता. पण शेतकऱ्याची जंगम मालमत्ता म्हणजे असून असून काय? गाई, बैल, शेळ्या, मेंढ्या. अर्थ हळूहळू आकसत गुरांवर येऊन थांबला. कायद्याने चॅटल हा शब्द जंगम मालमत्तेसाठी ठेवून घेतला, आणि व्यापाऱ्यांच्या हाती लॅटिनच्या जवळचा 'कॅपिटल' राहिला, म्हणजे भांडवल. गोधन, पशुधन म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे उलगडून सांगावं लागत नाही. लॅटिनमध्ये पैशाचा शब्द 'पेकूनिया', आणि तोही 'पेकू'वरून, म्हणजे आपल्या पशूच्या चुलत भावावरून आलेला.

एक जोडी मात्र केवळ माहितीसाठी नाही, ती वर्तमानपत्र वाचताना चूक टाळते. लॅटिन 'कामेरा' म्हणजे कमानीच्या छताची खोली. फ्रेंचमार्गे ती इंग्रजीत 'चेंबर' झाली, पोर्तुगीजमार्गे हिंदीत 'कमरा'. छायाचित्राचं यंत्र मुळात एक अंधारी खोली होती, लॅटिनमध्ये 'कामेरा ऑब्स्क्युरा', म्हणून त्याला कॅमेरा नाव पडलं. कोर्टाची 'इन कॅमेरा' सुनावणी म्हणजे बंद खोलीतली, लोकांना आणि पत्रकारांना दार बंद असलेली सुनावणी. तिथे चित्रीकरण असेलच असं नाही. मराठी बातम्यांत मात्र 'इन कॅमेरा शवविच्छेदन' असं चित्रीकरणाच्या अर्थाने सर्रास लिहितात, आणि वाचक कोर्टाची सुनावणीही कॅमेऱ्यासमोर झाली असं समजतो, म्हणजे नेमका उलटा अर्थ. पत्रकारितेचे विद्यार्थी वाचत असतील तर त्यांनी एवढी एक जोडी तरी मनावर घ्यावी.

मटणाबद्दलही दोन शब्द. जिवंत जनावराला इंग्रजी नाव आणि ताटात आल्यावर फ्रेंच नाव, ही गोष्ट सगळीकडे सांगतात: शेतात 'शीप', ताटात 'मटन', गोठ्यात 'काउ', ताटात 'बीफ'. राखणारे इंग्रज, खाणारे नॉर्मन. तिच्यात तथ्य आहे, पण मध्ययुगात ती वाटणी इतकी चोख नव्हती. फ्रेंच नावं जिवंत जनावरांनाही वापरत. ती वाटणी पक्की व्हायला शतकं लागली. 'मटन' हा शब्द फ्रेंचमध्येही तिथल्या आधीच्या केल्टिक भाषेतून आलेला. आपल्याकडे येईपर्यंत मेंढी मागे राहिली आणि मटण बोकडाचं झालं.

पायरी ५: मुकी अक्षरं

'डेट', म्हणजे कर्ज, यात न उच्चारलेला बी का लिहितात हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा त्यात बी नव्हता. पुढे लॅटिनच्या अभ्यासकांनी मूळ 'देबितुम' आहे हे दाखवायला बी लिहायला सुरुवात केली. लोकांनी लिहिला, उच्चारला नाही. 'डाउट'मधला बी, 'रिसीट'मधला पी, 'इंडाइट'मधला (म्हणजे आरोप ठेवणं) सी हे सगळे असेच मागून चिकटवलेले. मग डेटचा लॅटिन भाऊ कोण? पासबुकात असतो तो: डेबिट. स्पेलिंग चुकत असेल तर भावंडाकडे बघा, त्याच्यात ते अक्षर उच्चारलेलं सापडतं.

एक छोटी खूण इथेच देते. शेवटी 'एट' असलेली लांब क्रियापदं बहुधा थेट लॅटिनची असतात, आणि त्यांचा आखूड फ्रेंच भाऊ जवळपास असतो. 'एस्टिमेट'चा भाऊ 'एस्टीम'. दोन्हींचा अर्थ मोल ठरवणं, एक आकड्यात आणि एक मनात.

पायरी ६: तोतयांपासून सावध

इथे नवखे सर्वांत जास्त घसरतात, आणि उत्साही माणूस तर हमखास.

'केअर' आणि 'क्युअर' सारखे दिसतात, अर्थही जवळचे, पण नातं नाही. क्युअर लॅटिन 'कूरा'चा, केअर इंग्रजीचा घरचा. 'मेल' आणि 'फीमेल' यांचंही तसंच: फीमेल हा फ्रेंच 'फेमेल'चा, मेलची जोडी वाटावी म्हणून त्याचं रूप वळवलं गेलं. 'आयलंड', म्हणजे बेट, हा घरचा शब्द आहे. फ्रेंचमधून आलेल्या, त्याच अर्थाच्या 'आइल'च्या नादाने त्यात एस घुसला. 'रिअल इस्टेट'मधला रिअल हा 'रॉयल'सारखा राजाचा नाही, तो लॅटिन 'रेस'चा, म्हणजे वस्तूचा. आणि 'ट्रेड'चा 'ट्रॅडिशन'शी काही संबंध नाही.

आपल्याकडचा मोठा सापळा संस्कृतचा आहे. 'नॅव्हिगेशन' हा शब्द 'नवगती'वरून आला असं सांगणारे संदेश फोनवर फिरत असतात. नाही. तो लॅटिन 'नाविगारे'वरून आला: 'नाविस' म्हणजे जहाज आणि 'आगेरे' म्हणजे हाकणं. आपली नौ आणि त्यांचं नाविस ही चुलत भावंडं आहेत, एक दुसऱ्यापासून जन्मलेलं नाही. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत तिथले न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिघी एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात असं मांडलं, आणि पुढच्या अभ्यासाने ते पक्कं झालं. राजा आणि त्याच अर्थाचा लॅटिन रेक्स, दंत आणि डेंटल, अग्नी आणि मोटारसायकलचं इग्निशन हे या चुलत नात्याचे नमुने. म्हणून वहीत दोन वेगळे रकाने करा: एकात उसने आलेले, दुसऱ्यात चुलत. संस्कृतवर ज्यांचं खरं प्रेम आहे त्यांनी तरी ही सरमिसळ करू नये. खोटी व्युत्पत्ती चिकटवून तिचा मान वाढत नाही.

पायरी ७: वही घाला

कोशातली व्युत्पत्तीची ओळ वाचायला शिका. चांगल्या इंग्रजी कोशात शब्दाखाली 'ओ एफ' म्हणजे जुनी फ्रेंच, 'ए एफ' म्हणजे इंग्लंडमधली नॉर्मन वळणाची फ्रेंच आणि 'एल' म्हणजे लॅटिन अशी आद्याक्षरं असतात. शब्द पहिल्यांदा कुठल्या शतकात लिहिलेला आढळला तेही दिलेलं असतं. फुकट बघायला ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी पुरते.

वहीत शब्दाला पान देऊ नका, मुळाला द्या. पहिलं पान 'कापुट'चं करा. वरच्या चीफ, शेफ, कॅटल, चॅटल, कॅपिटल यांत कॅप्टन घाला. चॅप्टर घाला, म्हणजे छोटं डोकं, प्रकरणाचा मथळा. अचीव्ह घाला, म्हणजे काम शेंड्याला नेणं. मग हँकरचीफ घाला: फ्रेंचमध्ये डोकं झाकायच्या फडक्याला जो शब्द होता त्याचा इंग्रजीत 'करचीफ' झाला, आणि ते फडकं हातात आल्यावर त्याला पुढे 'हँड' जोडलं. दुसरं पान 'क्लाविस'ला द्या, म्हणजे किल्लीला. त्यात आपली पोर्तुगीजांकडून आलेली चावी पहिल्या ओळीत येईल. तिच्याखाली संगीतातला क्लेफ, गळ्याजवळचं क्लॅव्हिकल हे छोट्या किल्लीसारखं हाड, आणि कुलूप लावता येईल अशी खोली या अर्थाचा कॉन्क्लेव्ह, ज्यात नवा पोप निवडतात.

रोज एक पान पुरे. सरावाला या चार जोड्या घ्या: सेव्हर आणि सेपरेट, ॲब्रिज आणि ॲब्रिव्हिएट, रॅन्सम आणि रिडेम्प्शन, डेन्टी आणि डिग्निटी. प्रत्येकीत फ्रेंच दाराने कोण आलं हे आधी कानाने ठरवा, वहीत लिहा, आणि मगच कोश उघडा.